कोड ऑक्सिजन सेन्सरचा, दोष सायलेन्सरच्या गॅस्केटचा

गाडी म्हणजे मोटरसायकल, २०२१ ची, १६० सीसी, हवेवर थंड होणारी, बीएस-६. एप्रिलच्या मध्यापासून तीन तक्रारी एकदम सुरू झाल्या. मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला, अ‍ॅव्हरेज ४६ वरून ३८ वर आलं, आणि जळगावात अजिंठा चौफुलीच्या सिग्नलला इंजिन तापलेलं असताना गाडी आयडलवर, म्हणजे रेस न देता उभी असताना, बंद पडायला लागली. सकाळी थंड असताना एका सेल्फवर चालू. दुपारी पारा ४३ च्या पुढे गेला की प्रत्येक सिग्नलला रेस धरून ठेवावी लागे.

२१ एप्रिलला सर्व्हिस सेंटरला नेली. स्कॅनर लावायला सव्वा तास थांबावं लागलं, वाचायला दोन मिनिटं पुरली. बिघाडाचा कोड पी-०१३१, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचा (धुरात ऑक्सिजन किती ते मोजणारा) व्होल्टेज कमी. निदानही तिथेच झालं: सेन्सर बदला. सेन्सर ३,६५० रुपये, मजुरी २५०, वॉरंटी संपलेली, माल यायला आठ-दहा दिवस आणि अर्धे पैसे आगाऊ. जॉब कार्डवर कोड लिहून मागितला, तो आढेवेढे घेत का होईना मिळाला. हे प्रत्येकाने करावं. "सेन्सर गेलाय" हे तोंडी वाक्य आणि "पी-०१३१" हा लेखी आकडा यांत फार अंतर आहे. कोड पुसू नका, असंही त्यांना तिथेच सांगितलं. कोड पुसला की त्यासोबत साठवलेलं फ्रीझ फ्रेमही (त्या क्षणाच्या आकड्यांची नोंद) जातं, आणि ते पुढे फार कामाला येतं.

पी-०१३१ एवढंच म्हणतो की ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, या सेन्सरकडून बराच वेळ कमी व्होल्टेज दिसला. तो का कमी आहे, हे कोड सांगत नाही. सेन्सर खराब असेल, वायर तुटलेली असेल, किंवा सेन्सर अगदी ठणठणीत असून समोरच्या धुरात खरोखरच जास्त ऑक्सिजन असेल. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं तेव्हा दुचाकींना ओबीडीचा (गाडीने आपले दोष आपणच ओळखायची यंत्रणा) पहिला टप्पा लागू झाला. त्यात मुख्यतः सर्किट तुटलंय का, शॉर्ट आहे का, हे पाहिलं जातं. दुसरा टप्पा १ एप्रिल २०२३ पासूनचा. म्हणून २०२१ च्या गाडीच्या कोडकडून फार बारकाव्याची अपेक्षा ठेवता येत नाही. बारकावा लाइव्ह डेटात, म्हणजे सेन्सरांच्या चालू आकड्यांत असतो. आगाऊ पैसे भरले नाहीत, गाडी परत आणली.

ते आकडे फोनवर दाखवणारा ब्लूटूथचा ईएलएम ३२७ अडाप्टर ऑनलाइन मागवला, १,१५० रुपये. याच दिसण्याचे ३०० रुपयांचेही मिळतात, पण स्वस्तातल्या, वर २.१ लिहिलेल्या बऱ्याच नकला काही आज्ञा गाळतात आणि मग जोडणीच होत नाही. दुचाकीला सहसा कारसारखं १६ पिनांचं सॉकेट नसतं. या गाडीला सीटखाली, बॅटरीच्या बाजूला, रबरी टोपी घातलेलं ६ पिनांचं लाल सॉकेट आहे. म्हणून ६ पिन ते १६ पिन अशी केबलही लागते. पहिली केबल ३९० रुपयांची, चार दिवसांत आली आणि चुकीची निघाली. अडाप्टरचा दिवा लागे, फोन जुळे, पण ईसीयू उत्तरच देईना. मल्टीमीटर बझरवर लावून पिना तपासल्या तेव्हा कळलं की १६ पिनांच्या बाजूला पिन १६ (बॅटरी), ४ आणि ५ (अर्थ) आणि ७ (के-लाइन, म्हणजे ईसीयूशी बोलायची जुन्या पद्धतीची तार) जोडलेल्या होत्या, पण ६ आणि १४ मोकळ्या. गाडी बोलते कॅनवर, म्हणजे नव्या पद्धतीच्या दोन तारांवर, आणि कॅनच्या तारा याच ६ आणि १४ वर येतात. केबल परत केली, पैसे सहा दिवसांनी मिळाले. दुसरी ६४० ची, कॅनच्या पिना असलेली, २ मे रोजी हातात आली. मागवण्याआधी विक्रेत्याला एकच विचारा, "पिन ६ आणि १४ जोडलेल्या आहेत का?" त्याला उत्तर देता आलं नाही तर पुढच्या दुकानात जा.

जोडण्याचा क्रम असा. चावी बंद, केबल लावायची, अडाप्टर लावायचा, मग चावी चालू, किल स्विच चालू, इंजिन बंदच. फोनवर ब्लूटूथ जोडताना पिन १२३४ किंवा ०००० चालतो. अ‍ॅप टॉर्क किंवा कार स्कॅनर, दोन्ही चालतात. अ‍ॅपमध्ये आधी साठवलेले कोड वाचायचे, मग फ्रीझ फ्रेम उघडून स्क्रीनशॉट घ्यायचा. यात कोड साठला त्या क्षणाचे आकडे होते: १,४२० आरपीएम, वेग ०, थ्रॉटल ०, इंजिनाचं तापमान १०४, शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलात केलेली वाढ-घट, टक्क्यांत) अधिक २१. म्हणजे गाडी उभी, गरम, आयडलवर. दोष चालत्या गाडीत नाही, उभ्या गाडीत पकडला गेलाय, हे इथेच नक्की झालं.

लाइव्ह डेटात एक चूक बहुतेकांकडून होते. अ‍ॅपमध्ये दिसतील तेवढे सगळे आकडे एकाच पडद्यावर घेतले जातात. अडाप्टर एकेक आकडा विचारून आणतो. बारा आकडे निवडले तर प्रत्येकाची पाळी सेकंदा-दीड सेकंदाने येते. ऑक्सिजन सेन्सर सेकंदाला एकदा-दोनदा खालीवर होतो, तेवढ्या वेळात तो काय करून गेला ते दिसतच नाही. के-लाइनवरच्या जुन्या गाड्यांत हे आणखी संथ. म्हणून चारच घ्यावेत: आरपीएम, ऑक्सिजन सेन्सर व्होल्टेज, शॉर्ट टर्म ट्रिम, लाँग टर्म ट्रिम. बाकीचे वेगळ्या पडद्यावर. आणि रेकॉर्डिंग चालू ठेवायचं, कारण एका हाताने रेस धरून दुसऱ्या डोळ्याने फोन पाहणं जमत नाही.

४ मे, सकाळी सहा. रात्रभर उभी असलेली गाडी, चावी चालू, इंजिन बंद. सेन्सर तपासायला यासारखी वेळ नाही, कारण खरं उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं. येणाऱ्या हवेचं तापमान २९, इंजिनाचं तापमान २९, बाहेरही तेवढंच. रात्रभर उभ्या गाडीत हे दोन्ही आकडे दोन-तीन अंशांच्या आत जुळायलाच हवेत. एखादा उणे ४० दाखवत असेल तर त्याची वायर तुटलेली किंवा कनेक्टर निघालेला असतो. मॅप सेन्सर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) ९८ किलोपास्कल. इंजिन बंद असताना मॅप म्हणजे निव्वळ हवेचा दाब, आणि समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरवरच्या जळगावात तो ९८ च्या आसपासच असतो. थ्रॉटल ०, हळूहळू मूठ पिळत नेली तर ८४ पर्यंत न अडखळता चढला, सोडल्यावर परत ०. मध्येच आकडा उडी मारत असेल तर तो सेन्सर झिजलेला. बॅटरी १२.५ व्होल्ट. पाच मिनिटांत चार सेन्सर संशयातून मोकळे झाले.

मग इंजिन चालू, उघड्या अंगणात. हा तपास बंद खोलीत किंवा शटर ओढून कधीही करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हवेवर थंड होणारी गाडी मे महिन्यात दहा मिनिटांहून जास्त उभी चालवू नये. समोर टेबल फॅन लावला तर बरं. व्होल्टेज १४.१, चार्जिंग ठीक. आयडलवर मॅप ३५ ते ४५ मध्ये नाचत होता. एका सिलिंडरच्या गाडीत तो नाचतोच, त्याला घाबरू नये. पहिलं मिनिटभर इंधनाची स्थिती ओपन लूप, म्हणजे ईसीयू अजून ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाही. तोवर ऑक्सिजन सेन्सरच्या आकड्याला काही अर्थ नसतो, कारण साधारण ३०० अंश तापल्याशिवाय तो काम करत नाही. दीड मिनिटाने क्लोज्ड लूप आलं आणि खरा डेटा सुरू झाला.

साध्या ऑक्सिजन सेन्सरचं गणित सोपं आहे. ०.४५ व्होल्ट ही सीमा. वर गेला तर मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. खाली गेला तर लीन, म्हणजे हवा जास्त. निरोगी गाडीत तो ०.१ ते ०.८ या दरम्यान सतत खालीवर होतो, कारण ईसीयू थोडं पेट्रोल वाढवतो, थोडं कमी करतो. हा वाढवा-कमीचा ताबडतोबचा हिशेब म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम, आणि तीच सवय लागली की ती लाँग टर्म ट्रिममध्ये जमा होते. दोन्हींची बेरीज अधिक-उणे १० च्या आत असेल तर सहसा काळजी नाही.

इथे आयडलवर सेन्सर ०.०५ ते ०.१५ मध्ये पडून होता. शॉर्ट टर्म अधिक २०, लाँग टर्म अधिक १४. ईसीयू ठरल्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाने जास्त पेट्रोल ओतत होता, तरी सेन्सर "लीन, लीन" म्हणतच होता. मग रेस ४,००० वर स्थिर धरली. दहा सेकंदांत सेन्सर ०.१ ते ०.८ असा नीट झुलू लागला, शॉर्ट टर्म शून्याच्या आसपास, लाँग टर्म अधिक ५. मूठ झटकन पिळली तर व्होल्टेज ०.८२ वर उडाला. सोडून दिली तर ०. मेलेला सेन्सर असं करत नाही. ३,६५० रुपयांचा प्रश्न इथे मिटला.

आता उरला तो खरा प्रश्न: आयडलवर ऑक्सिजन येतो कुठून? लीनची कारणं मोजकीच आहेत आणि प्रत्येकाचा ठसा वेगळा असतो. पेट्रोल पंपाचा दाब कमी किंवा इंजेक्टर चोंदलेला असेल तर जितकी रेस तितका त्रास वाढतो. इथे उलट होतं, रेस दिली की बरं वाटत होतं. थ्रॉटल बॉडी आणि हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) यांच्या मधलं मॅनिफोल्डचं रबर फाटलेलं असेल तर आयडलवर त्रास आणि वर आराम, हे जुळतं. खान्देशच्या उन्हात ते रबर तडकतंही. पण मग बाहेरची हवा आत शिरून मॅप चढला असता आणि आयडलही आपोआप वर गेलं असतं. मॅप जागेवर होता, आयडल तर खाली पडत होतं. तरी रबर वाकवून पाहिलं, पाण्याचा बारीक फवारा मारला, आरपीएम हललं नाही. यासाठी कार्ब क्लीनर मारणारे पुष्कळ आहेत. तापलेल्या सायलेन्सरशेजारी तो पेट घेतो, पाणी पुरतं.

मग प्लग काढला आणि तिथे उलगडा झाला. प्लग काळा, कोरड्या काजळीने भरलेला. सेन्सर म्हणतो हवा जास्त, प्लग म्हणतो पेट्रोल जास्त. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. प्लग सिलिंडरच्या आत बसतो, सेन्सर बाहेर बेंड पाइपात, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या नळीत. म्हणजे जादा ऑक्सिजन या दोघांच्या मधे कुठेतरी शिरतोय. मधे एकच जोड आहे: हेड आणि बेंड पाइप यांच्यातलं सायलेन्सर गॅस्केट.

धूर बाहेर ढकलणाऱ्या जोडातून हवा आत कशी येईल, असं वाटणं साहजिक आहे. पण धूर सलग वाहत नाही, ठोक्यांनी येतो. एका सिलिंडरला दोन ठोक्यांच्या मधे पाइपात क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो आणि फटीतून हवा आत ओढली जाते. आयडलवर धूर थोडा आणि ठोक्यांतलं अंतर जास्त, म्हणून ती हवा सेन्सरला मोठी दिसते. ४,००० वर धूर भरपूर, तीच हवा त्यात हरवून जाते. ईसीयू बिचारा सेन्सरवर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवत राहतो, प्लग काळा होतो, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि गरम इंजिन आयडलवर गुदमरून बंद पडतं. तिन्ही तक्रारी एका फटीच्या.

ओळखीच्या मेकॅनिककाकांना आकडे दाखवले. त्यांनी फोनकडे पाहिलंच नाही. "पहिले थंडी गाडी चालू करी देख, भो," एवढंच म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. अगदी थंड गाडी चालू केली की पहिले अर्धा मिनिट हेडजवळ टिक-टिक असा बारीक आवाज येतो. धातू तापून फुगला की फट अर्धवट मिटते आणि आवाज जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच झालं. जोडावर साबणाचं पाणी लावलं, जाड हातमोजा घालून ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड दोन-तीन सेकंद दाबलं, आणि बुडबुडे आले. जोडाखाली काळा ओघळही होता, तो एवढे दिवस धूळ समजून दुर्लक्षिला गेला होता. फेब्रुवारीत क्रॅश गार्ड बसवताना बेंड पाइप सोडला होता आणि जुनंच गॅस्केट परत घातलं होतं. हे गॅस्केट दाबून चपटं होण्यासाठीच बनवलेलं असतं, एकदाच दबतं. पाइप सुटला की ते बदलायचंच.

गॅस्केट ४५ रुपये, नवे नट ४०. गंजलेले नट जोर लावून फिरवले तर स्टड हेडमध्येच तुटतो आणि मग लेथवाल्याकडे जावं लागतं. म्हणून संध्याकाळी थंड इंजिनावर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी नट एकदा पुढे, एकदा मागे असे थोडे थोडे हलवत सोडले. जुन्या गॅस्केटचा तुकडा हेडच्या खाचेत अडकून राहतो, तो खरवडून काढावा. नवं बसवताना दोन्ही नट आळीपाळीने, पाव-पाव फेरा आवळायचे. एकच पूर्ण आवळला तर पाइप तिरका बसतो आणि फट दुसऱ्या बाजूला उघडते. एक गोष्ट कळकळीने सांगतो: या जोडाला साधं सिलिकॉन लावू नका. त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सरवर थर धरते आणि चांगला सेन्सर कायमचा आंधळा होतो. गाडी एकदा तापवून, पूर्ण थंड करून नट पुन्हा तपासले, पाव फेरा आणखी बसले. मजुरी २००, नवा प्लग १२०.

कोड आत्ता पुसला, ट्रिमची शिकवणही पुसली. आयडलवर सेन्सर ०.१ ते ०.८ झुलतोय, शॉर्ट टर्म अधिक-उणे ४. तीन दिवस रोज जळगाव-भुसावळ जाऊन-येऊन चालवल्यावर लाँग टर्म अधिक ५ वर येऊन थांबलं, तिथून हलेना. हा दोष नाही, हे पेट्रोल आहे. शुद्ध पेट्रोलला जळायला १४.७ पट हवा लागते, ई-१० ला साधारण १४.१, ई-२० ला १३.५. ई-१० धरून बसवलेल्या ईसीयूला ई-२० वर चार-साडेचार टक्के पेट्रोल वाढवावंच लागणार. आता पंपावर बहुतेक ई-२० च मिळतं, म्हणून जुन्या बीएस-६ गाडीत अधिक ४ ते ६ दिसलं तर त्यामागे धावू नये. अ‍ॅव्हरेज ४४ वर आलं. ४६ परत आलं नाही, त्यात ई-२० चा वाटा मोठा असणार.

पीयूसीबद्दल थोडं, कारण स्कॅनर नसलेल्यांनाही त्याचा उपयोग आहे. दुरुस्तीआधी, ३ मे रोजी, मुद्दाम पीयूसीला नेली होती. आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.९ टक्के आला, गाडी नापास. मागच्या वर्षीच्या पावतीवर तोच ०.२ होता. सेन्सर लीन म्हणतोय आणि सीओ चढलाय, ही विसंगती ५० रुपयांत छापील मिळते. म्हणून जुन्या पीयूसीच्या पावत्या टाकू नयेत. १२ मे रोजी पुन्हा नेली, सीओ ०.१६. पण प्रमाणपत्र त्या दिवशी निघालं नाही. ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर जातो आणि तो नंबर बंद पडलेला होता. परिवहनच्या संकेतस्थळावर नवा नंबर टाकायला चासी नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख आणि आरसीची वैधता हाताशी लागते. हे सगळं आरसीवर असतं. दोन दिवसांनी परत जाऊन प्रमाणपत्र घेतलं, आणखी पैसे लागले नाहीत.

एकूण खर्च २,२९५ रुपये, त्यात १,७९० अडाप्टर आणि केबलचे. दुरुस्ती म्हणून झालेला खर्च ४०५, पीयूसी १००. दिवस गेले तेवीस, त्यातले अकरा केबलची वाट पाहण्यात.

चांगल्या गाडीचे आकडेही आता साठवून ठेवलेत: थंड, गरम आयडल आणि ४,००० आरपीएम, प्रत्येकी दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग. आयडलवर मॅप किती नाचतो, गरम झाल्यावर तापमान कुठे स्थिरावतं, हे प्रत्येक गाडीचं थोडं वेगळं असतं. बिघाडाच्या दिवशी तुलनेला हेच लागतात. अडाप्टर मात्र काम झालं की काढून ठेवावा. सॉकेटला बॅटरी थेट येते, चावी बंद असली तरी तो करंट ओढत राहतो, आणि दुचाकीची लहान बॅटरी काही दिवसांत उतरते. सॉकेटची रबरी टोपी परत घट्ट बसवा, पावसाळा तोंडावर आहे. ५०० किलोमीटरनंतर ते दोन नट आणखी एकदा तपासायचे आहेत.